मागच्या सीटवर कोण बसले आहे?

नवी गाडी घरी आली की आपल्यापैकी बरेच जण ती आधी चर्चच्या आवारात आणतात. फादर प्रार्थना करतात, गाडीवर आशीर्वादाचे पाणी शिंपडतात, मग पेढे वाटले जातात. 'एवढी मोठी कशाला घेतली?' असे कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: 'घरच्यांसाठी हो. मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत.' हे उत्तर खोटे नसते. पण ते पूर्ण खरे असते का, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

घरच्यांच्या नावावर आपण किती गोष्टी करतो! लग्नात मांडव मोठा घालतो तो मुलीसाठी, घरावर आणखी एक मजला चढवतो तो मुलांसाठी, भिंतीएवढा टीव्ही आणतो तोही मुलांसाठीच. त्यात घरच्यांची गरज किती आणि आपली स्वतःची हौस किती, हे निवडून वेगळे करण्याची आपल्याला सवय नसते. आणि मुळात हौस असणे वाईट आहे का, हेही आपण कधी सरळ विचारत नाही.

हे दोन्ही प्रश्न तपासून पाहायला एक चांगले उदाहरण युरोपच्या रस्त्यांवर मिळते. तिथे गाडीचा एक प्रकार असा आहे की, त्यात घराची गरज आणि घरधन्याची हौस एकाच छपराखाली बसवलेली असते. आपल्या वसईची कितीतरी मुले आज परदेशी संसार थाटून आहेत. इंग्लंड-जर्मनीत राहणाऱ्यांना ही गाडी शेजाऱ्याच्या दारात रोज दिसते, काहींच्या स्वतःच्या दारातही असते. म्हणून तिच्याविषयी थोडे समजून घेऊ.

ओझ्याची गाडी, शर्यतीचे इंजिन

ज्या गाडीचे छप्पर मागच्या दारापर्यंत सरळ जाते आणि डिकीचे जणू एक वेगळे दालनच होते, तिला आपण स्टेशन वॅगन म्हणतो. रेल्वे स्टेशनवर उतरलेले प्रवासी आणि त्यांचे सामान वाहून नेणारी, म्हणून अमेरिकेत हे नाव पडले. इंग्लंडमध्ये जमीनदारांच्या इस्टेटीवर कामाला येणारी, म्हणून ती 'इस्टेट' झाली. जर्मन माणूस तिला 'कोम्बी' म्हणतो. नाव कोणतेही असो, कल्पना एकच: माणसे आणि ओझे वाहणारी, नखरा नसलेली गाडी. भारतात १९९२ साली टाटांची इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कोम्बीही येऊन गेली. आपल्याकडे मात्र हा प्रकार फारसा रुजला नाही.

युरोपात तो नुसता रुजला नाही, तर त्याने एक वेगळेच वळण घेतले. १९९४ साली ऑडी कंपनीने पोर्शेच्या मदतीने 'आरएस २ अवांत' नावाची स्टेशन वॅगन बाजारात आणली. पाच सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ३१५ अश्वशक्ती आणि मागे कुत्रा, बाबागाडी, बाजाराच्या पिशव्या ठेवायला ऐसपैस जागा. त्याच वर्षी व्होल्व्हो कंपनीने ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत आपली ८५० ही स्टेशन वॅगन उतरवली. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स हे चालक ती लांबोडकी गाडी शर्यतीच्या वळणांवरून पळवीत होते. सुरक्षित, शांत, मास्तरांची गाडी म्हणून ओळखली जाणारी व्होल्व्हो शर्यतीत पाहून लोक आधी हसले आणि मग तिच्या प्रेमात पडले.

तेव्हापासून हा प्रकार चालत आला आहे. २०२० साली आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या चौथ्या पिढीतील 'आरएस' कोम्बी पाहा. पेट्रोल इंजिनाची ताकद २४५ अश्वशक्ती, डिकी ६४० लिटरची. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती सात सेकंदांच्या आत गाठते आणि मोकळा रस्ता मिळाल्यास ताशी २५० किलोमीटरपर्यंत जाते. आता ब्रिटनच्या मोटरवेवर कायद्याने मुभा आहे ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची. तिथे या गाडीच्या अंगात असलेल्या वेगाचा निम्माही भाग वापरायला कायद्याने वाव नाही.

मग ती लोक घेतात कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळत नाही. ते तिच्याबरोबर रोज राहणाऱ्यांना विचारावे लागते.

सोमवार ते शनिवार

इंग्लंडमध्ये राहणारे एक वसईकर कुटुंब माझ्या ओळखीचे आहे. नवरा संगणकाच्या क्षेत्रात, बायको रुग्णालयात परिचारिका, दोन लहान मुले आणि वर्षातून काही महिने गावाहून येणारी सासूबाई. त्यांच्याकडे अशीच एक जोरदार पेट्रोल स्टेशन वॅगन आहे. तिची कंपनी कोणती, हे इथे महत्त्वाचे नाही.

तिचे गुण ते भरभरून सांगतात. दोन चाइल्ड सीट बसवूनही मध्ये आजीला जागा उरते. डिकीत बाबागाडी उभीच्या उभी जाते. जमिनीपासून फार उंच नसल्यामुळे आजीला चढ-उतार करताना कोणाचा हात धरावा लागत नाही आणि वळणावर गाडी उंच गाड्यांइतकी कलत नाही. पेट्रोलची निवडही विचारपूर्वक झाली. मुलांची शाळा जवळ, रुग्णालय जवळ, सगळी धाव छोट्या अंतराची. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जी जाळी असते, तिला साफ राहण्यासाठी अधूनमधून लांबची दौड लागते. नुसत्या छोट्या फेऱ्यांनी ती तुंबते. शिवाय डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांतील लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीला आल्यापासून युरोपातील अनेकांचे मन डिझेलवरून उडाले होते. हे झाले कारण. २४५ अश्वशक्तीचे कारण मात्र यात कुठेच नाही.

दोषही आहेत. अशा गाडीचे स्प्रिंग कडक असतात, कारण वेगात वळताना ती स्थिर राहावी लागते. चाके मोठी आणि टायरची भिंत बारीक. त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या मणक्याला कळतो. मणका अर्थातच मागे बसलेल्या आजीचा. पेट्रोलचे म्हणाल, तर पाय हलका ठेवला की लिटरमागे साधारण चौदा किलोमीटर मिळतात. पाय जड झाला की तीच गाडी नऊवर येते. विमा महाग, टायर महाग, ब्रेकच्या डिस्क महाग.

एकदा सगळे मिळून वेल्सच्या डोंगराकडे निघाले होते. रस्ता वळणावळणाचा, मोकळा, ऊन पडलेले. जावईबुवांचा पाय आपोआप जड झाला. गाडी कुठे घसरली नाही, कोणाला धक्का लागला नाही, कायद्याचा वेगही फारसा ओलांडला गेला नसावा. परंतु धाकट्याला ओकारी झाली आणि सासूबाई डोळे मिटून रोझरी म्हणू लागल्या. गाडी थांबवल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "बाळा, गाडी तुझी झकास आहे. पण मी पुढे पोचते आणि माझं पोट मागं राहतं."

सगळे हसले. पण घरी परतल्यावर बायकोने जे म्हटले, ते मला फार मोलाचे वाटते. ती म्हणाली, "ही गाडी तू आमच्यासाठी घेतलीस असं सगळ्यांना सांगतोस. तुझ्यासाठी घेतलीस असं सांग ना. मला मुळीच राग येणार नाही. आमच्यासाठी म्हणतोस, म्हणून येतो."

या चार वाक्यांत एक अख्खे नीतिशास्त्र आहे.

किती म्हणजे पुरे?

काही कडक विचारांची माणसे म्हणतील: गरजेपेक्षा जास्त अश्वशक्ती ही चैनच, आणि चैन म्हणजे पाप. साठ-सत्तर अश्वशक्तीची छोटी गाडीही चार माणसांना पोचवतेच की!

या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो फार लवकर संपतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने सद्गुण हा दोन टोकांच्या मधला असतो असे सांगितले आणि लगेच एक खुलासा केला. एखाद्याला दहा मापे अन्न फार आणि दोन मापे फार थोडे होत असेल, म्हणून तालीम घेणारा वस्ताद सर्वांनाच सहा मापे देत नाही. तेवढे अन्न मायलोसारख्या नामांकित मल्लाला अपुरे पडेल आणि तालमीत नव्याने आलेल्या पोराला जास्त होईल. मध्य हा माणसागणिक ठरतो. डोंगराळ भागात राहणाऱ्या, पाच माणसे आणि सामान घेऊन सतत प्रवास करणाऱ्या कुटुंबाला थोडे ताकदवान इंजिन खरोखरच उपयोगी पडते. भरलेल्या गाडीने ट्रक ओलांडताना उजवीकडच्या मार्गिकेत जितका कमी वेळ जाईल तितके बरे. ब्रिटनच्या पोलिसांनीही वर्षानुवर्षे अशा वेगवान स्टेशन वॅगन वापरल्या आहेत, कारण त्यांना माणसे आणि अवजारे दोन्ही घेऊन वेळेवर पोचायचे असते.

आणि निव्वळ आनंदाचे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विरंगुळा यांचाही विचार केला आहे. त्यांनी जुन्या मठवासीयांची एक कथा दिली आहे. संत योहानाला खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यातील एकाच्या हातात धनुष्य होते. योहानाने त्याला एक बाण सोडायला सांगितला, मग आणखी, मग आणखी. शेवटी विचारले, "हे तू असेच करीत राहशील का?" तो म्हणाला, "नाही, अशाने धनुष्य मोडेल." माणसाचे मनही तसेच आहे, सतत ताणले तर मोडते, असे योहानाने त्यांना समजावले. अक्वायनस यांच्या मते विरंगुळ्याचीही एक योग्य मात्रा असते आणि ती सांभाळणे हा सद्गुणच आहे.

तेव्हा दिवसभर राबून घरी येणाऱ्या बापाला चांगल्या यंत्राच्या गुरगुरण्यात आनंद वाटला, तर त्यात त्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही. उलट या प्रकारच्या गाडीत एक लोभस गोष्टही आहे. नुसती हौसच करायची असती तर त्याने दोन सीटची गाडी घेतली असती. त्याने घरच्यांना मागे ठेवले नाही, आपल्या हौसेत त्यांना जागा केली. संसारी माणसाच्या बऱ्याच हौसा अशाच असतात; त्या मुलांच्या बाबागाडीशेजारी दाटीवाटीने बसतात.

हौसेचे मोल कोण देतो?

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण गोड आहे, पण हौसेला मोल असतेच. ते कोण चुकवतो, एवढाच प्रश्न. इथे ते तीन ठिकाणांहून येते.

पहिले, घराच्या तिजोरीतून. पेट्रोल, विमा, टायर यांचे पैसे बापाच्या एकट्याच्या खिशातून जात नाहीत. ते मुलांच्या शाळेच्या, आजीच्या औषधांच्या, गरजूला द्यायच्या पैशांच्या शेजारूनच उचलले जातात. त्यात आणखी एक न दिसणारा खर्च आहे. जळलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याची किंमत मोजणारी मुले अजून मागच्या सीटवर आहेत, काही तर अजून जन्मलीही नाहीत.

दुसरे मोल देतात सोबत बसलेले. गाडी चालवणाऱ्याला वेगाची भीती कमी वाटते, कारण पुढे काय होणार ते त्याचे हात-पाय ठरवतात. मागे बसलेल्याच्या हातात काहीच नसते. तीच गाडी, तोच रस्ता. पण पुढच्याला जी मजा वाटते ती मागच्याला धास्ती वाटू शकते. लहान मूल आपली भीती बोलू शकत नाही, ते ओकते. म्हातारी माणसे संकोचाने गप्प बसतात, रोझरी काढतात. या गप्प बसण्याला आपण संमती समजतो. घराघरांतील बरेचसे अन्याय असेच होतात. कोणी कोणाला मारत नाही, कोणी ओरडत नाही; फक्त ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे, तो विचारत नाही.

तिसरे मोल देणारे आपल्या ओळखीचेसुद्धा नसतात. रस्ता ओलांडणारी मुलगी, सायकलवरून निघालेला कामगार. इथे गणित फार निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ब्रेक लावल्यावर गाडीला थांबायला लागणारे अंतरही चौपट होते. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला वीस मीटर जाते. म्हणजे चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर येईपर्यंतच वीस मीटर रस्ता संपलेला असतो. त्यात पाच माणसे आणि भरलेली डिकी म्हणजे गाडीचे वजन चार-पाचशे किलोंनी वाढलेले. डिकीतील न बांधलेली वीस किलोंची बॅग जोराच्या धडकेत पुढे बसलेल्यांवर येऊन आदळते. रिकाम्या गाडीने एकट्याने घेतलेले वळण आणि भरल्या गाडीने घेतलेले वळण एकच नव्हे.

ज्यांनी ही गाडी शर्यतीत पळवली, त्यांच्याच कंपनीचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९५९ साली व्होल्व्होचा अभियंता नील्स बोलीन याने तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. १९९७ साली स्वीडनच्या संसदेने 'शून्य मृत्यू' हे आपल्या रस्त्यांचे ध्येय म्हणून स्वीकारले. १९९४ मध्ये स्टेशन वॅगन शर्यतीत उतरवणाऱ्या व्होल्व्होने २०२० पासून आपल्या नव्या गाड्यांचा वेग ताशी १८० किलोमीटरवर अडवला. पुष्कळ ग्राहक चिडले. 'आम्हाला काय करायचे ते सांगणारे तुम्ही कोण?' असे विचारू लागले. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ज्याला बाहेरून लगाम घातला जातो, त्याने संयम पाळला असे म्हणता येत नाही. संयम ही हातात ताकद असणाऱ्याने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे. पण ज्यांना ती मर्यादा स्वतःहून पाळता येत नाही, त्यांच्या संयमाची वाट रस्त्यावरच्या मुलीने किती काळ पाहायची? न्यायाचा हक्क इथे स्वातंत्र्याच्या आधी येतो.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत मौन पाळलेले नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात संयमाच्या संदर्भात, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या आवडीपायी स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील वर्तनाविषयी एक मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली आज्ञा हत्या न करण्याचीच आहे. आणि पाचवी सांगते की, गाडी ही सत्ता गाजवण्याचे आणि पापाचे साधन होऊ नये. त्या वेळी वर्तमानपत्रांनी या आज्ञांची थोडी थट्टा केली. पण ज्याने रस्त्यावर माणूस गमावला आहे, त्याला त्यात थट्टेसारखे काही दिसणार नाही.

आपल्या महामार्गावर

कोणी म्हणेल, ही सारी युरोपची गोष्ट झाली. आपल्याकडे स्टेशन वॅगन दिसतच नाही. खरे आहे, पण मोह तोच आहे, त्याने कपडे बदलले आहेत. आपल्याकडे त्याने उंच, रुंद, एसयूव्ही म्हणवणाऱ्या गाडीचे रूप घेतले आहे. वाड्यांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून सायकल आली तरी तिला बाजूच्या गवतात उतरावे लागते. तिथेही उत्तर तेच: 'घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी घेतली.' आपल्या घरच्यांच्या सुरक्षिततेत सायकलवाल्याच्या घरच्यांची सुरक्षितता धरलेली असते का?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला आपल्या पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले एक सहप्रवासी मरण पावले. गाडी भक्कम होती. पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता असे तपासात समोर आले. त्यानंतर काही दिवस मागच्या सीटच्या बेल्टविषयी सगळीकडे चर्चा झाली. आज आपल्यापैकी किती जण मागे बसलेल्या आईला बेल्ट लावूनच गाडी सुरू करतात?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये तरुण धर्मगुरू आणि धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्यांशी बोलताना, नव्या कोऱ्या भारी गाड्यांत फिरणारे व्रतस्थ पाहून आपल्याला वेदना होतात असे सांगितले होते. गाडी लागते, पण साधी निवडा आणि भारी गाडीचा मोह झालाच तर उपाशी मरणारी मुले आठवा, असा त्यांचा सल्ला होता. तो व्रतस्थांना होता. संसारी माणसाला तो जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, कारण त्याच्या गरजा वेगळ्या आहेत. पण त्यातील प्रश्न आपल्यालाही सोडत नाही: माझ्या निवडीच्या वेळी मला कोण आठवते?

तीन साधे प्रश्न

म्हणून ज्यांना मोठी, वेगवान, ताकदवान गाडी घ्यायची आहे किंवा ज्यांनी ती घेतली आहे, त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे प्रश्न गाडीसाठी आहेत, पण घर, लग्न, सहल, मोबाईल, सगळीकडे चालतील.

पहिला प्रश्न: मी खरे नाव घेतले का? ही हौस माझी आहे, असे घरच्यांना तोंडाने सांगता आले पाहिजे. ज्या हौसेला खरे नाव असते, तिला मर्यादा घालता येते. जी हौस 'मुलांसाठी' या नावाने घरात शिरते, तिला कोणी अडवू शकत नाही, कारण मुलांच्या विरोधात कोण बोलणार? शिवाय त्या खोट्या नावाचे ओझे पुढे मुलांच्या डोक्यावर येते. 'तुमच्यासाठी एवढे केले' हे वाक्य त्यांना आयुष्यभर ऐकावे लागते.

दुसरा प्रश्न: मी विचारले का? घेताना विचारणे वेगळे आणि चालवताना विचारणे वेगळे. 'आई, बरं वाटतंय ना? हळू घेऊ का?' एवढे विचारायला सेकंदही लागत नाही. त्या इंग्लंडच्या घरात आता तसा नेम झाला आहे म्हणे. गाडी तीच आहे. आजी बसली असेल तर इंजिन आराम करते. गृहस्थ एकटाच असतो, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेत थोडी मजा घेतो आणि तसे बायकोला सांगतोही. तिला राग येत नाही.

तिसरा प्रश्न: जे या गाडीत नाहीत, त्यांचे काय? गाडीत मूल असताना हळू आणि नसताना सुसाट, असे आपण चालवत असू, तर आपण फक्त आपल्याच मुलावर प्रेम करतो. रस्त्यावर चालणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी घरी वाट पाहिला जाणारा माणूस असतो. तुझा शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रभूने एका रस्त्यावरची गोष्ट सांगूनच दिले होते, हे आपण विसरू नये. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या त्या वाटेवर दोघे जण जखमी माणसाला पाहून बाजूने निघून गेले. तिसरा थांबला, आणि आपल्या वाहनावर त्याने स्वतःऐवजी त्या जखमीला बसवले.

आपल्या हातात जी काही ताकद आहे, गाडीची, पैशाची, शब्दाची किंवा घरातील अधिकाराची, ती जवळ असणे हा गुन्हा नाही. ती किती आहे यापेक्षा ती कोणाला वाहून नेते आणि कोणाला घाबरवते, यावरून आपला हिशेब होणार आहे. या आठवड्यात कधीतरी निवांत वेळी घरच्यांना विचारून पाहा: 'मी चालवतो तेव्हा मागे बसून तुम्हाला कसं वाटतं?' आणि उत्तर येईल ते मध्येच न तोडता ऐका. हा प्रश्न केवळ गाडीविषयीचा नाही, हे त्यांना कळेल आणि आपल्यालाही.